पत्करते की पत्करीन

हार्नवुडचा किल्ला, संत लूकचा दिवस
दादाच्या राज्याचं तिसरं वर्ष

एमेलिन आत्या,

बातमी तुझ्या मठापर्यंत पोचलीच असेल, तरी माझ्या हातची कळावी म्हणून लिहितेय. अर्लसाहेब गेले. शिकारीहून भिजून आले, ईल माशांचं अख्खं ताट एकट्याने संपवलं, पोट धरून बसले आणि दोन दिवसांत आटोपले. मला रडू आलं नाही. आलं असतं तर तुला खोटं वाटलं असतं. माणूस वाईट नव्हता. त्याने माझ्यावर हात उगारला नाही, की मन लावून माझ्याशी कधी बोललाही नाही. कुत्र्यांची नावं त्याला तोंडपाठ होती, माझं मात्र अधूनमधून विसरायचा.

नऊ वर्षांची असताना मला चर्चच्या दारात उभं केलं होतं, आठवतं? वेणी तूच घातली होतीस, इतकी घट्ट की डोळे ताणले गेले होते. बिशप म्हणाले, "म्हण बाळ, मी तुला नवरा म्हणून पत्करीन." मी म्हटलं. लहान पोरांना "पत्करीन"च म्हणायला लावतात, कारण तो नुसता वायदा असतो. बाराव्या वर्षी पोरीला पुन्हा विचारायचं, आता पत्करतेस का, आणि तेव्हा ती नाही म्हणू शकते, असा चर्चचा नियम. बाराव्या वर्षी मला कुणीच विचारलं नाही. न्हाऊ घातलं, घोड्यावर बसवलं आणि इथे पाठवून दिलं. पत्करलं की नाही ते माझं मलाच कळलं नाही.

आता ऐक. प्रेताला माती देऊन आम्ही वळतोय तोच दादाचा माणूस पुढे आला. म्हणाला, "महाराजांना फार वाईट वाटलं." मग बाजारात घोडी बघतात तसं मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, "बाईसाहेबांचे दात सगळे शाबूत आहेत ना?" मी म्हटलं, "चावून दाखवू का?" तो हसला नाही. समुद्रापलीकडे एक म्हातारा ड्यूक आहे, दोन बायका पुरून बसलाय. त्याची बंदरं दादाला हवीत, आणि त्या बदल्यात द्यायला दादाकडे एकच बहीण उरलीय.

आत्या, मी वीस वर्षांची आहे आणि पहिल्यांदाच मोकळी आहे. मला विचारल्याशिवाय कुणी परत कुणाच्या दारात नेऊन उभं करू नये, एवढंच मागणं आहे. राजाची आत्या आहेस, काहीतरी सुचव.

पत्र कारकुनाच्या हातचं नाही, म्हणून अक्षर असं. घेऊन येतोय तो वॉरिन. अर्लसाहेबांचे घोडे त्याच्या हाताखाली होते. सरदाराचा मुलगा आहे, पण धाकटा, तेव्हा जमीन नाही. फार विश्वासू माणूस आहे. त्याला पोटभर जेवायला घाल.

तुझी रोहेस

•

एल्डरबर्नचा मठ, संत मार्टिनचा सण

पोरी,

अर्लसाहेबांच्या आत्म्यासाठी आमच्या सिस्टर्स रोज प्रार्थना करताहेत. त्यांच्या कुत्र्यांसाठी कोण करतंय माहीत नाही.

तुझ्या प्रश्नाला एकच उत्तर आहे: काळा झगा आणि अंगठी. बिशपांपुढे गुडघे टेकायचे आणि सांगायचं, मी विधवा, यापुढे मला कुणी नवरा नको. ते तुझ्या खांद्यावर झगा घालतात, बोटात अंगठी घालतात, आणि मग खुद्द राजालाही तुझं लग्न लावता येत नाही. मठात यायचं काम नाही. तू तुझ्या किल्ल्यात राहा, वाटेल ते खा, वाटेल तेव्हा झोप. फक्त पुरुष नाही. हा सौदा मला तरी महाग वाटत नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं. सहाव्या वर्षी मला देवाला देऊन टाकलं, कारण थोरल्या दोघींच्या हुंड्यातच खजिना आटला होता. देव हुंडा कमी घेतो आणि मुलगी परत पाठवत नाही.

आता तुझ्या विश्वासू माणसाबद्दल. पेज पिता पिता त्याने तुझं नाव इतक्यांदा घेतलं की स्वयंपाकघरातल्या सिस्टर्स हाताआड हसायला लागल्या. देखणा आहे. बोलतो गोड. पण मी त्याला विचारलं, "घोडे कसे आहेत हार्नवुडचे?" तर म्हणाला, "चांगले आहेत, पण राजाच्या तबेल्यासारखे नाहीत." माणूस जेवत असतो एका घरी आणि नजर असते दुसऱ्या घराच्या धुराड्यावर, असल्यांची मला धास्ती वाटते. मी म्हातारी संशयी बाई आहे, सोडून दे. एवढंच ध्यानात ठेव की झगा घातलास की ड्यूक टळतो, आणि वॉरिनही टळतो.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस इथे येऊन काढ. खारवलेले मासे खाऊन खाऊन डोकं ताळ्यावर येतं, असा माझा अनुभव आहे. बिशपांना मी निरोप धाडते.

आत्या

•

हार्नवुड, मे महिना, पेरण्यांनंतर

आत्या,

तू अजून रागावलेली आहेस, हे मला ठाऊक आहे. बिशप येऊन बसले, झगा आणला, अंगठी आणली, आणि मी आयत्या वेळी डोकं दुखतंय म्हणून निजून राहिले. तुझी शोभा झाली. पण आता राग बाजूला ठेव, कारण गळ्याशी आलंय.

दादाच्या माणसांनी काल वॉरिनला नेलं. अंगणातून नेलं, पायात बूटही घालू दिले नाहीत. कुणीतरी दादाच्या कानाला लागलं की राजाच्या बहिणीने घोडेवाल्याशी लग्न केलं. खरंच आहे ते. केलं, आणि तुझ्याच मठात केलं. तू तिथे होतीस.

ईस्टरनंतरची ती संध्याकाळ आठव. सफरचंदांची बाग, कोपऱ्यात तुझ्या मधमाश्यांच्या टोपल्या. तू धुराचं मडकं घेऊन माश्या शांत करत होतीस, आम्ही दोघं भिंतीपाशी. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "रोहेस, मी तुला बायको म्हणून पत्करतो." मी म्हणाले, "मी तुला नवरा म्हणून पत्करते." एवढंच. पण एवढं पुरतं, हे मला तूच शिकवलंस. मोठ्या माणसांनी "पत्करतो, पत्करते" म्हटलं की लग्न झालं. त्याला ना पाद्री लागत ना पाहुणे. "पत्करीन" म्हटलं तर तो नुसता वायदा, बिशप तो मोडू शकतात. वायद्यानंतर दोघं एकत्र निजली तर मात्र वायद्याचंही लग्नच होतं. पण तसं म्हणायची सोय तू ठेवली नाहीस. त्या रात्री मला आपल्या खोलीत निजवलंस, आणि उजाडायच्या आत त्याला घोड्यावर बसवून वाटेला लावलंस.

बिशप आता तिघांना वेगवेगळं विचारणार आहेत, त्याला, मला आणि तुला. तिघांचं जुळलं तर दादाला हात चोळत बसावं लागेल. नाही जुळलं तर मला जहाजात घालतील.

आत्या, तू ऐकलंस ना? तो "पत्करतो" म्हणाला. तू तर दहा पावलांवर होतीस.

रोहेस

•

एल्डरबर्न, पेंटेकॉस्टनंतर

ऐकलं. तू लिहिलंस अगदी तसंच ऐकलं. पुन्हा पत्रात विचारू नकोस, पत्रांना पाय फुटतात.

माझी काळजी नको. मला बिशप काय करणार? लग्न थोडंच लावून देणार आहेत. मला काळजी आहे ती अंधारकोठडीतल्या माणसाची. तिथे माणूस बऱ्याच गोष्टी विसरतो, आणि बऱ्याच नव्याने आठवतात. त्याच्यापर्यंत निरोप पोचवता येतो का बघ. नाही पोचला तर देवावर सोड. मीही तेच करतेय, आणि मला ते धंदा म्हणून येतं.

आत्या

•

डोव्हर, क्रूसाचा सण उलटल्यावर

आत्या,

इथे वाऱ्याची वाट बघत बसलेय. वारा उलटा आहे, म्हणून मी अजून इंग्लंडात आहे. खलाशी शिव्या देताहेत आणि मी त्या वाऱ्यासाठी मेणबत्ती लावलीय.

तू साक्ष देऊन लगेच परत गेलीस ते बरं झालं. तू उभी होतीस तेव्हा मी पडद्यामागून बघत होते. संतांच्या हाडांच्या पेटीवर तुझा हात होता, आणि तो जराही हलला नाही. "पत्करतो, असं मी स्वच्छ ऐकलं," तू म्हणालीस. बिशपांचा चेहरा पडला. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग त्याला आणलं. आत्या, त्याची दाढी केलेली होती. अंगावर नवा कोरा लाल अंगरखा होता. कोठडीत कुणी कुणाची दाढी करतं का? मी मात्र वेडी, त्या अंगरख्यात किती छान दिसतोय एवढंच बघत राहिले. बिशपांनी विचारलं, "बागेत नेमका कुठला शब्द उच्चारलास?" तो म्हणाला, "पत्करीन." कारकुनाला नीट ऐकू आलं नाही, तेव्हा त्याने पुन्हा सांगितलं, चांगलं मोठ्याने. माझ्याकडे पाहिलं नाही. बिशप म्हणाले, "पत्करीन म्हणजे विवाह नव्हे, तो वायदा. एकत्र राहिला नाहीत, तेव्हा वायदा मोडला." एका वाक्यात मी परत विधवा झाले. कारकुनाने ते लिहून घेतलं, शाई वाळायला वर वाळू टाकली आणि जेवायला गेला.

तो खोटं बोलला. दुसरं काय म्हणायचं त्याला? त्याला काय मिळालं ते तुला कळलं तर कळव, मला जाणून घ्यायचंय की माझा भाव काय होता.

ड्यूकच्या माणसांनी माझ्यासाठी लग्नाचे शब्द लिहून आणलेत, त्यांच्या भाषेत. मी पाठ करतेय. आमच्याकडे नवरा पत्करायचा आणि हार पत्करायची, शब्द एकच. त्यांच्याकडे दोन असतील.

वारा फिरला असं खाली कुणीतरी ओरडतंय.

रोहेस

•

एल्डरबर्न, ख्रिसमसनंतर

पोरी,

हे पत्र लोकरीच्या एका व्यापाऱ्याबरोबर पाठवतेय. पोचेल तेव्हा पोचेल.

मी आता मठाची मुख्य नाही. बिशपांनी हिशेब केला की दोघांपैकी एकाची साक्ष खोटी आहे, आणि ती पुरुषाची असणं गैरसोयीचं होतं. माझ्या जागी पंचविशीतली एक पोर बसवलीय. ती सकाळी मेणबत्त्या मोजते आणि संध्याकाळी पुन्हा मोजते. मी स्वयंपाकघरात सलगम सोलते. खरं सांगते, बायका तिथे जास्त बऱ्या बोलतात. मधमाश्या मात्र माझ्याकडून काढून घेतल्या, ते लागलं.

भाव विचारला होतास. सरहद्दीवरची एक वारसदार मुलगी, तिच्याबरोबर किल्ला आणि नदीपर्यंतची कुरणं. लग्न झालंसुद्धा. तिथे त्याने म्हणे खणखणीत आवाजात "पत्करतो" म्हटलं. म्हणजे शब्द त्याला येत होता.

आता एक सांगते, कारण ते उरात घेऊन मला मरायचं नाही. त्या संध्याकाळी मला काही ऐकू आलं नव्हतं. सांजेची घंटा वाजत होती. तुमचे ओठ हलताना दिसले, तेवढंच. तू लिहिलंस पत्करतो, म्हणून मी सांगितलं पत्करतो. आयुष्यभर देवाची चाकरी केली आणि एकच मोठं खोटं बोलले, तेही संतांच्या हाडांवर हात ठेवून. पस्तावा नाही. पण ज्या गोष्टीसाठी बोलले ती खरी होती की नाही, एवढं तरी मला कळायला हवं. तो बागेत खरंच काय म्हणाला होता, रोहेस?

आत्या

•

वेस्टमिन्स्टर, संत मायकेलचा सण
दादाच्या राज्याचं तेरावं वर्ष

आत्या,

इतक्या वर्षांत मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. आजही विचारू नकोस. तू आहेस एवढं कळलं आणि मी लगेच लिहायला बसले.

ड्यूक वसंतात गेले. त्यांच्या भाषेत "नाही" कसं म्हणतात ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, पण उपयोग करायची संधी मिळाली नाही. थोरल्या सावत्र मुलाने बापाचं थडगं बांधायच्या आधी माझं सामान बांधलं. मी आणि ओडा परत आलो. ओडा माझी मुलगी, नुकतीच सात वर्षं पुरी झालीत. पुढचे दोन्ही दात पडलेत, त्यामुळे बोलताना शीळ वाजते. त्या सगळ्या दिवसांत मला मिळालेली चांगली गोष्ट म्हणजे ती शीळ.

दादाने मोठ्या प्रेमाने जवळ बसवलं. हंसाचं मांस वाढलं. मी म्हटलं, आता हा काहीतरी मागणार. म्हणाला, "रोहेस, तुला तेव्हा वॉरिन हवा होता ना? मग घे वॉरिन."

मला वाटलं, थट्टा करतोय. नव्हता. वॉरिनची ती वारसदार बायको वारली. एक मुलगा आहे. सरहद्दीवरचे सगळे भाले आज त्याच्या मुठीत आहेत, इकडे सरदार लोक कुरकुर करताहेत, आणि दादाला त्याला घरच्या दाव्याला बांधून ठेवायचंय. ज्या लग्नासाठी मला जहाजात घातलं तेच लग्न आता हुकूम म्हणून आलंय. मी म्हटलं, "दादा, मी नाही म्हणाले तर?" तो म्हणाला, "तू नाही कशाला म्हणशील? तुझीच तर हौस." आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते हे.

त्याचं तोंड बघायचं नाही मला. ज्याने मला एका अंगरख्यात विकलं त्याच्या पानात मी वाढायचं नाही. झगा मागितला, तर दादा म्हणतो, आधी लग्न, मग विधवा झालीस की झगा. काय करू?

रोहेस

•

एल्डरबर्न, तुझा माणूस दारात उभा आहे

पोरी,

हात कापतात, म्हणून थोडक्यात. बिशप तेच आहेत ना, तेव्हाचे? मी चौकशी केली, तेच आहेत. "पत्करीन म्हणजे विवाह नव्हे" हे त्यांचंच वाक्य, त्यांच्याच दप्तरात पडलंय. बिशप दुसऱ्याचं लिहिलेलं खुशाल खोडतात, स्वतःचं कधीच खोडत नाहीत.

काय म्हणायचं ते तुला सांगायला नको. हळू म्हण, पण स्वच्छ म्हण. आणि रात्री दाराला आतून अडसर आहे का ते आधी बघून ठेव.

आत्या

•

वेस्टमिन्स्टर, संत सेसिलीचा सण

आत्या,

तू सांगितलंस तसंच केलं. सगळं सांगते, बसून वाच.

चर्चच्या दारात पाऊस लागत होता. पाद्री म्हातारा, सर्दीने बेजार, त्याला कधी एकदा आत जातो असं झालेलं. वॉरिन जाडा झालाय. केस मागे हटलेत. तो म्हणाला, "पत्करतो." मग माझी पाळी आली. मी हळू म्हणाले, पण स्वच्छ म्हणाले: "मी तुला नवरा म्हणून पत्करीन." पाद्री शिंकला आणि पुढे वाचायला लागला. दादा छताकडे बघत होता. ऐकलं एकट्या वॉरिनने. अंगठी घालताना वाकला आणि पुटपुटला, "उशिरा फेडतेस."

मी म्हटलं, "खोटारड्याला उशिराच मिळतं."

तो म्हणाला, "मी बिशपांपुढे खोटं बोललो नाही, रोहेस. बागेत मी पत्करीनच म्हणालो होतो. तुला ऐकू आलं होतं."

आलं होतं, आत्या. घंटा वाजत होती, पण मी त्याच्या तोंडाला कान लावून उभी होते. आलं होतं. मला वाटलं, एवढ्याशा फरकाने काय होतंय, आज पत्करीन म्हणतोय, उद्या पत्करील. आणि मी माझं "पत्करते" त्याच्या हातात ठेवून दिलं. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खोटं बोललो ते आपण दोघी. खरं बोलला तो एकटा तोच, आणि इतकं हलकट खरं मी दुसरं ऐकलं नाही. तुझी गादी गेली, तुझ्या मधमाश्या गेल्या, त्या माझ्या त्या न ऐकण्यापायी गेल्या. तू शिव्या घाल, मी ऐकून घेईन.

रात्री अडसर लावला. तो दाराशी आलासुद्धा नाही. सकाळी मी थेट बिशपांकडे गेले आणि म्हटलं, "मी काल पत्करीन म्हणाले. वॉरिनला शपथेवर विचारा, या शब्दाबाबत तो फार प्रामाणिक आहे." त्यांनी त्याला बोलावून विचारलं, मागोमाग दादाही आला. वॉरिन नाही म्हणू शकला नाही. मग मी त्यांना त्यांचाच निकाल म्हणून दाखवला. बिशपांनी काळा झगा आणायला सांगितलं. गुडघे टेकताना मला तुझी फार आठवण झाली. दहा वर्षांपूर्वीच निजून राहिले नसते तर.

मी उठले तर दादा हसत होता. लहानपणी हरला की तो भोकाड पसरायचा, तुला माहीत आहे. हसला तेव्हाच मला समजायला हवं होतं. म्हणाला, "छान दिसतोय झगा. सुटलीस." मग वॉरिनकडे वळून विचारलं, "तुझा मुलगा आठ वर्षांचा ना रे?"

आपण दोघी दाराला अडसर लावत बसलो आणि खिडकी उघडीच राहिली. सात वर्षं पुरी झाली की मुलीचा वायदा घेता येतो. आई विधवा, अंगावर झगा, तिचा मुलीवर हक्क नाही, पालक मामा. चारच दिवसांत उरकलं. मी तिची वेणी घातली. सैल घातली. बिशप म्हणाले, "म्हण बाळ, मी तुला नवरा म्हणून पत्करीन." वॉरिनचा मुलगा नाक पुसत उभा होता, त्या बिचाऱ्याचा काय दोष. मी मागे उभी होते. दुपारची घंटा सुरू झाली. ओडाचे ओठ हलले. बिशपांनी मान डोलावली, दादाने मान डोलावली, आणि झालं.

नंतर मी तिची वेणी सोडत होते, तर तिने विचारलं, "आई, पत्करीन म्हणजे कधी?"

मी म्हटलं, "बारा वर्षांची झालीस की तुला परत विचारतील. तेव्हा तू नाही म्हण. मोठ्याने म्हण."

"पण मी आज नाहीच म्हणाले," ती म्हणाली. "त्यांना ऐकू नाही गेलं. घंटा वाजत होती ना."

पुन्हा म्हणून दाखव म्हटलं, तर त्या फटीतून शीळ घालत तिने म्हणून दाखवलं. तिच्या बापाच्या भाषेत.

रविवारी तिला सरहद्दीवर नेणार आहेत, सासरच्या घरात वाढायला. तिचं कुणी विचारात घेणार नाही, सात वर्षांच्या पोरीची साक्ष धरत नाहीत. माझी धरतील. शनिवारी मी बिशपांपुढे उभी राहून सांगणार आहे की पोरगी नाही म्हणाली आणि ते मी स्वच्छ ऐकलं. मी ऐकलं नव्हतं, आत्या. ओठ हलताना दिसले, तेवढंच.

तुझा हात त्या पेटीवर जराही हलला नव्हता. माझा आत्ता कागदावरच हलतोय. तो तू कसा धरून ठेवलास, तेवढं या माणसाबरोबर लगेच कळव. त्याला जेवायला थांबवू नकोस.

तुझी रोहेस